मरायचं असेल तर स्पेलिंगसकट मरा

काका गेले त्याचं दुःख बाराव्यापर्यंत पुरलं. त्यानंतर मृत्यूचा दाखला सुरू झाला.

बेळगाव-खानापूरकडे ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या सोयीसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. वाचा, आणि जमल्यास म्हाताऱ्यांनाही वाचून दाखवा. पुढची तयारी त्यांनाच करायची आहे.

पहिलं म्हणजे, कुठं मरायचं ते आधी ठरवा. माणूस राहतो कुठं याला किंमत नाही, जीव कुठं गेला तिथं नोंद होते. खानापूर तालुक्यातल्या माणसानं आयुष्यभर गावात घरपट्टी भरली आणि शेवटचे दोन दिवस बेळगावच्या दवाखान्यात काढले, की त्याचं मरण बेळगावचं. चंदगडकडच्या पावण्यांचं तर आणखी बरं. दवाखाना बेळगावचा, दाखला कर्नाटकाचा, सातबारा महाराष्ट्राचा. मग तिकडचा तलाठी तो कागद उलटासुलटा करून बघतो आणि विचारतो, ‘मराठीत नाही का मिळत?’ मिळतं की! मागून बघा एकदा.

आणि वाटेत जीव गेला, तर गाडी जिथं पहिल्यांदा थांबेल तिथं नोंद, असा नियम आहे. तेव्हा अँब्युलन्समधल्या पेशंटनं प्राण सोडण्याआधी पुढचा थांबा कुठला ते ड्रायव्हरला विचारून घ्यावं.

डिसेंबरात मरू नका. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. 1 नोव्हेंबरला तर नकोच, त्यांचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिवस.

दवाखान्यात मृत्यू झाला, तर तो कळवायची जबाबदारी दवाखान्याची, असं 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो. हे वाक्य दवाखान्याच्या काउंटरवर बोलून बघू नका. तिथली पोरगी तुमच्याकडं अशी बघते, जणू तुम्हीच काहीतरी चोरून न्यायला आलाय. ‘आम्ही पाठवलंय,’ म्हणते. ऑफिसात गेलं की ‘आलेलं नाही.’ या दोन वाक्यांच्या मध्ये दोन-तीन किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तो कागद तेवढ्यात कुठं मुक्कामाला थांबला होता ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तोवर 21 दिवस मोजत बसा. 21 दिवसांत फुकट, 30 पर्यंत दंड भरून, त्यापुढं वर्षभर वरच्या साहेबाची लेखी परवानगी आणि स्वतः सही करून दिलेला कागद. वर्ष उलटलं की थेट मॅजिस्ट्रेटचा हुकूम. म्हणजे रक्षाविसर्जन, दहावं, बारावं आणि फॉर्म, असा क्रम धरा. भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालतो.

आता मुख्य सल्ला. मरायच्या आधी आपलं नाव एकदा ठरवून घ्या.

आमच्या काकांचं नाव परशराम. आधारवर परशुराम, बँकेत परशराम, मतदार यादीत पारशराम, उताऱ्यावर कन्नडमध्ये आणखी काहीतरी. जिवंत असेपर्यंत या सगळ्यांचा मिळून एकच माणूस होता, कुणाची तक्रार नव्हती. ई-जन्म या नोंदणीच्या सरकारी सॉफ्टवेअरवर नाव चढलं आणि दाखल्यावर आलं ‘परुशराम’. हे नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. आम्ही दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवर नव्हतं, दवाखान्याच्या फॉर्मवर नव्हतं. टाइप करणाऱ्यानं ते स्वतः नव्यानं ठेवलं. बारसं म्हणा हवं तर.

बरं, दुरुस्ती करून द्या म्हटलं. तर यादी आली. बाँडवर शपथपत्र, नोटरी, आधार, रेशन कार्ड, आणि मयताचा शाळा सोडल्याचा दाखला. शाळेचा! काका आयुष्यात एकदाच शाळेत गेले होते, सुटलेली म्हैस शोधायला. तसं सांगितलं, तर म्हणे ‘मग शाळेत गेले नाहीत म्हणून लिहून आणा.’ कोण लिहून देणार? ज्या शाळेत ते गेले नाहीत त्या शाळेचे हेडमास्तर? नियमात काय आहे ते मी काढून वाचलं. लिहिताना झालेली साधी चूक असेल, तर रजिस्ट्रारनं चौकशी करून, खात्री पटली की ती स्वतः दुरुस्त करायची. मूळ नोंद न खोडता, समासात. माहितीतच मोठी चूक असेल, तर हकीकत ठाऊक असलेल्या दोन विश्वासू माणसांचं लेखी निवेदन. बस्स. शाळा नाही, म्हैस नाही. नियमाचा प्रिंट घेऊन खिडकीत ठेवला. तिथल्या कारकुनानं तो बघितला, परत माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, ‘अदु सरी रीऽ, खरं बाँड पायजे.’ (ते बरोबर आहे, पण बाँड पाहिजे.)

मग काकीला आणलं. गावातून, बसनं. बाँडवर तिनं असं लिहून द्यायचं होतं, की दाखल्यावरचा परुशराम आणि माझा नवरा परशराम हा एकच इसम आहे, आणि हे खोटं निघालं तर मी शिक्षेला पात्र राहीन. तिला वाचता येत नाही. सही नाही, अंगठा. स्टॅम्पपॅड वाळून खडखडीत झालेलं. तेव्हा त्या माणसानं बॉलपेन घेतलं आणि तिच्या अंगठ्यावर घासून घासून निळं केलं. तिनं हात काढून घेतला नाही. ‘अज्जी, गट्टी ओत्तरी’ (आजी, जोरात दाबा) म्हणत त्यानंच तो कागदावर दाबला. टाइप करणाऱ्यानं केलेल्या चुकीची शपथ काकीनं घेतली.

सर्व्हर इल्ला. नाळे बर्री. (म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या. हा सल्ला नाही, सवय होण्यासाठी म्हणून लिहिलंय.)

प्रती किती काढायच्या? पाच म्हणालात तर तुम्ही अजून भोळे आहात. बँक, सोसायटी, विमा, पेन्शन, गॅस, मीटर, रेशन, वारसा. सगळ्यांना ओरिजिनल हवा. आता दाखला डिजिटल सहीचा येतो, क्यूआर कोड असतो, म्हणजे तुम्ही काढाल ती प्रत्येक प्रिंट ओरिजिनलच. हे बँकेत सांगून बघा. ‘याच्यावर शिक्का कुठाय?’ शिक्का मागायला गेलं की ‘डिजिटलला शिक्का नसतो.’ आणि विमावाल्यांना दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलेलं पाहिजे असतं. ते कारण दाखल्यावर उघड करायचं नाही, असं त्याच कायद्यात आहे. त्यासाठी डॉक्टरचा वेगळा कागद असतो आणि त्याची प्रत नातेवाइकाला दिलीच पाहिजे. दवाखान्यात मागा. वर सांगितलेलीच पोरगी भेटेल.

एजंट धरा. झेरॉक्सच्या दुकानात बसलेला असतो. त्याच्यासाठी सर्व्हर चालू असतो.

मराठीत अर्ज देऊ नका. जिथं अल्पभाषिक 15 टक्क्यांवर आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, असं ठरलेलं आहे. तुम्ही-आम्ही ते निवेदनांत लिहून लिहून पाठ केलंय. पण ते खिडकीत बोलू नका. काकांचा दाखला बाजूला राहतो आणि 1956 पासूनचा सीमावादाचा हिशोब सुरू होतो.

आता पुरे झाली गंमत.

साहेब, 2023 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की नोंद झाली की सात दिवसांच्या आत दाखला द्यायचा, आणि तोही फुकट. त्यात कुठंही ‘नाळे’ नाही. ‘खाली झेरॉक्सवाल्याला भेटा’ नाही. चूक तुमच्या हातनं झाली, तर ती तुम्ही दुरुस्त करायची. त्यासाठी म्हातारीला पंचवीस-तीस किलोमीटर बसनं ओढत आणायचं नाही आणि नवरा नवराच होता म्हणून शपथ घ्यायला लावायची नाही. लाज नाही वाटत? नोंद पक्की करण्याआधी स्क्रीन एकदा आमच्याकडं वळवा. नाव वाचून दाखवा. कन्नड, इंग्रजी, मराठी, कुठल्याही भाषेत वाचा, आम्हाला तिन्ही कळतात. दोन मिनिटं लागतात त्याला. तेवढीही नसतील, तर खुर्ची सोडा.

आणि ज्यांच्या घरात सध्या हेच चाललंय त्यांनी एजंटला पैसे द्यायच्या आधी एक करा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्ट्रारनं नकार दिला, तर 30 दिवसांत जिल्हा रजिस्ट्रारकडं अपील करता येतं, आणि त्यांना 90 दिवसांत निकाल द्यावा लागतो. कलम 25-अ. अर्जात हे कलम लिहाच. आम्ही ते लिहून अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे. त्या पोचेवरही ‘परुशराम’च लिहिलंय.