फ्रेंचमधल्या त्या खुणा आघाताच्या नाहीत

भाचीची देल्फ ही फ्रेंचची परीक्षा तोंडावर आलीय आणि तिच्या ग्रुपवर ‘फ्रेंच उच्चार पाच नियमांत’ हे चित्र फिरतंय. तिनं मला ‘तेलेव्हिझ्यों’ म्हणून दाखवलं, ते ‘ते’ आणि ‘ले’वर दणकून जोर देत. का, तर त्या दोन अक्षरांवर तिरक्या रेघा आहेत म्हणून!

हाच त्या चित्रातला पहिला नियम: ‘जिथे खूण, तिथे आघात.’ साफ खोटं. ‘एतेरोझेनेइते’ (विषमता) हा शब्द घ्या. सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, सात आणि तिरक्या रेघा पाच. पाचही ठिकाणी जोर देणार? आणि ‘मेर्सी’वर एकही खूण नाही, मग तो काय सपाट म्हणायचा? ही रेघ स्वर कोणता ते सांगते. ‘प्रे’ म्हणजे कुरण, ‘प्रॅ’ म्हणजे जवळ. रेघेची दिशा बदलली की ए आणि ॲ यांतला फरक कळतो. मराठी माणसाला हा फरक कानाला नवा नाही. टोपीसारखी खूण तर बऱ्याचदा गळून गेलेल्या ‘स’ची आठवण असते: ‘फोरॅ’, ‘ओपिताल’. फॉरेस्ट, हॉस्पिटल आठवा.

स्पॅनिशमध्ये अशी रेघ खरोखर आघात दाखवते. तिथलाच धडा कुणीतरी उचलून इथे चिकटवला असावा. गंमत म्हणजे १९९७ मध्ये भाषा-मानसशास्त्रज्ञ एमान्युएल द्युपू आणि सहकाऱ्यांनी नेमकी याच दोन भाषा बोलणाऱ्यांची तुलना केली होती. फक्त आघाताची जागा वेगळी असलेले बनावट शब्द ऐकवले. स्पॅनिश भाषकांना फरक सहज कळला, फ्रेंच भाषक मात्र चांगलेच अडखळले. फ्रेंचमध्ये आघात हलवून शब्दाचा अर्थ बदलतच नाही, मग कान तो टिपायला शिकणार कशाला? आणि जे कानाला महत्त्वाचं नाही, त्यासाठी लिपीत खुणा कोण करत बसेल?

चित्रातला दुसरा नियम: ‘प्रत्येक शब्दाचा शेवटचा सिलॅबल ठासून म्हणा.’ हे अर्धं खरं आहे, मान्य. सुटा शब्द म्हटला तर आघात शेवटीच येतो. पण बोलताना तो शब्दाचा राहत नाही, शब्दसमूहाचा होतो. ‘युन मॅझों’मध्ये (एक घर) तो ‘झों’वर, ‘युन मॅझों ब्लांश’ (एक पांढरं घर) म्हटलं की उठून ‘ब्लांश’वर जातो. आणि ठासायचं तर मुळीच नाही, शेवटचा सिलॅबल किंचित लांबवायचा.

‘जितके स्वर तितके सिलॅबल.’ ‘बोकू’च्या (beaucoup, म्हणजे खूप) स्पेलिंगमध्ये स्वराची अक्षरं पाच, सिलॅबल दोन. पुढे.

‘जोडीनं आलेलं व्यंजन फोडून दोनदा म्हणा.’ ते फोडायचं असतं लिहिताना, ओळ संपून शब्द तुटतो तेव्हा. सफरचंदाचा ‘पॉम’ (pomme) कागदावर दोन तुकड्यांत लिहितात, पण बोलण्यात तो पॅरिसला एकच सिलॅबल.

‘शेवटचा ई (e हे अक्षर) कायम मुका.’ दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयला जाऊन ऐका. जुन्या छंदोबद्ध कवितेत तर पुढचा शब्द व्यंजनानं सुरू झाला की तो मोजावाच लागतो, नाहीतर बारा सिलॅबलची ओळ भरत नाही.

जे खरंच सांगायला हवं होतं ते चित्रात नाहीच: सिलॅबल शब्दाची हद्द पाळत नाही. ‘ले’ आणि ‘आमी’ (मित्र) एकत्र आले की ‘ले-झा-मी’, ‘अव्हॅक’ आणि ‘एल’ (तिच्यासोबत) मिळून ‘अ-व्हॅ-केल’. ऐकण्याच्या पेपरात पोरं अडतात ती इथेच, ‘झामी’ नावाचा शब्द शोधत.