मजुरी रुपयांत सांगा

माझ्या वहिनीने कित्येक महिने जमवलेली सगळी नाणी आज शून्यावर आली. खरी नाणी नव्हेत. मोबाइलमधल्या एका ॲपची. ठरावीक मुदतीत ठरावीक टप्पा गाठला नाही तर जमा रद्द होईल, असा नियम म्हणे अटी-शर्तींत कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत आणि अर्थातच इंग्रजीत लिहिलेला आहे. पाचशे रुपयांच्या गिफ्ट कार्डापासून ती अगदी थोडी दूर होती. गंमत म्हणजे गेले कित्येक आठवडे ती सतत ‘अगदी थोडीच दूर’ होती, आणि मला सर्वांत जास्त राग आला आहे तो याच गोष्टीचा.

ॲपचे नाव मी लिहिणार नाही. एकाचे नाव घेतले की बाकीची साळसूद ठरतात, आणि ‘गेम खेळा, बक्षिसे मिळवा’ म्हणणाऱ्यांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच असते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. राहायला कळव्याला, वय पासष्टच्या पुढे. दुपारची जेवणे झाली, झाकपाक झाली, की ती खिडकीजवळ बसून रंगीत फळे जुळवण्याचा एक गेम खेळते. एक टप्पा पार केला की नाणी मिळतात, मधली जाहिरात शेवटपर्यंत पाहिली की आणखी थोडी मिळतात, दुसरा एखादा गेम डाउनलोड करून त्यात अमुक पातळी गाठली की पुष्कळ मिळतात. मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात सगळी नोकरी काढली. हजेरी, ओव्हरटाइम, कपाती आणि पगारपत्रक यांतच माझे केस पांढरे झाले. त्यामुळे कोणी काम केले असे कळले की माझ्या मनात पहिला प्रश्न दराचा येतो. वहिनीला मी तो विचारला, तेव्हा ती हसून म्हणाली, “अगं, दर कसला? खेळच आहे तो.” मग आम्ही दोघींनी कागद घेऊन हिशेब मांडला: किती नाण्यांचे पाचशे रुपये होतात, एका टप्प्याला किती नाणी मिळतात, तो पार करायला किती वेळ लागतो, मधल्या जाहिराती किती सेकंद खातात. तासाला दोन रुपयेसुद्धा पडत नव्हते. वहिनीने माझ्याकडून आकडेमोड पुन्हा करून घेतली. उत्तर बदलले नाही.

आता कोणी म्हणेल की खेळण्याला मजुरी कशी म्हणायची. म्हणायची, कारण दुसऱ्या टोकाला कोणीतरी त्याचे पैसे मोजतो आहे. नवा गेम बाजारात आणणारी कंपनी या बक्षीसवाल्या ॲपला प्रत्येक डाउनलोडमागे रक्कम देते आणि खेळणारा ठरलेल्या पातळीपर्यंत पोहोचला की आणखी देते. शंभर जणांनी गेम उतरवून घेतला तर त्यांतले मोजके जण पुढे त्यात स्वतःचे पैसे घालतात, आणि त्या मोजक्यांना शोधण्यासाठी बाकीच्यांना राबवले जाते. जाहिरातीचे पैसे हजार वेळा दाखवण्यामागे अमुक, अशा भावाने मिळतात. त्यांतला वाटा आधी जाहिरात पुरवणारा घेतो, मग ॲपवाला घेतो, आणि तळाशी जे उरते ते नाणी होऊन वहिनीपर्यंत येते. हा भाव देशागणिक वेगळा असतो. अमेरिकेत बसून तीच फळे जुळवणाऱ्या बाईच्या वेळेला जाहिरातदार जो भाव देतो, त्याचा लहानसा अंशच कळव्यातल्या बाईच्या वाट्याला येतो. आणि जे लोक टप्पा गाठण्याआधी कंटाळून सोडून देतात, त्यांची जमलेली नाणी कोणालाच द्यावी लागत नाहीत. सुरुवातीला भराभर नाणी मिळतात आणि टप्पा जवळ आला की मिळकत आटत जाते, हे वहिनीलाही दिसत होते. तिला फक्त असे वाटत होते की आपलाच हात मंदावला आहे.

हे लिहिताना माझा राग पुन्हा वर आला. चांगले काम करणाऱ्या माणसाला ‘तूच कमी पडतोस’ असे वाटायला लावणे, ही मालकाची सर्वांत जुनी युक्ती आहे, आणि ती मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून पुष्कळ पाहिली आहे.

एकोणिसाव्या शतकात आसामातल्या चहाच्या मळ्यांत मजुरांना पगार म्हणून मळ्याचीच टोकने दिली जात. धातूची गोल चकती, तिच्यावर मळ्याचे नाव, आणि ती चालायची ती त्याच मळ्याच्या हद्दीत. इंग्लंडातले कारखानदारही असेच करत, म्हणून तिथे १८३१ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला आणि त्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिले गेले की मजुरी चलनी नाण्यांत किंवा चलनी नोटांतच दिली पाहिजे. पुढे त्यात धनादेश आणि बँक खाते आले, आता तो कायदा वेतन संहितेत सामावला आहे, पण तत्त्व तेच राहिले. आमच्या खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक कारकुनाला हे कलम मी तोंडपाठ करायला लावत असे. मजुराला काय मिळाले हे त्याला स्वतःला मोजता आले पाहिजे आणि ते त्याला हवे तिथे खर्च करता आले पाहिजे, एवढेच ते कलम सांगते. वहिनीच्या ॲपने या दोन्ही गोष्टी सफाईने टाळल्या आहेत: नाण्यांचे रुपये किती ते सहज मोजता येत नाही, आणि गिफ्ट कार्ड एकाच दुकानात चालते. पाचशेचे कार्ड घेऊन चारशे तीसची वस्तू घेतली तर उरलेले सत्तर रुपये त्याच दुकानात अडकून पडतात. ते कार्ड कळवा स्टेशनबाहेर भाजी घ्यायला चालत नाही, रिक्षावाल्याला देता येत नाही.

कायद्याच्या भाषेत वहिनी कोणाचीही कामगार नाही, हे मला ठाऊक आहे. वकील मित्रांनी कमेंटमध्ये ते समजावून सांगण्याची तसदी घेऊ नये.

आज संध्याकाळी भावाकडे सगळे जमले होते. नाणी गेल्याचे कळल्यावर जो हशा पिकला, तो मला सहन झाला नाही. इंजिनिअर भाचा म्हणाला, “मामी, एवढ्या वेळात तुम्ही पापड लाटले असते तर सोन्याची बांगडी झाली असती.” या शहाण्यांना मी २०१९ च्या दिवाळीची आठवण करून दिली. गूगल पेने तेव्हा दिवा, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी असे स्टॅम्प जमवायला लावले होते, पाचही जमले की २५१ रुपये मिळायचे, आणि ती रांगोळी काही केल्या मिळत नव्हती. हाच भाचा तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांना ‘रांगोळी आहे का’ असे विचारत फिरत होता. ऑफिसांत, लोकलच्या डब्यांत, शिकलेली, कमावती माणसे एका चित्रासाठी एकमेकांना विनवण्या करत होती. तेव्हा कोणी कोणाला पापड लाटायला सांगितले नव्हते. वेळ तोच, हाव तीच. पण पगारदार पुरुषाने केली की ती मजा आणि घरातल्या बाईने केली की तो रिकामटेकडेपणा.

जरा पाणी पिऊन पुढचे लिहिते आहे.

वहिनी हे का करते, ते हसणाऱ्यांपैकी कोणी विचारले नाही. ते मला आज स्वयंपाकघरात कळले. नातीच्या वाढदिवसाला तिला रंगपेटी घ्यायची होती. पैसे नाहीत असे मुळीच नाही. भावाचे निवृत्तिवेतन चांगले आहे आणि तो हात आखडणारा माणूस नाही. “पण ते त्यांचे ना,” वहिनी म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने सासूचे आजारपण काढले, दोन मुले वाढवली, आमच्या सगळ्यांची बाळंतपणे केली, आणि या सगळ्याचे पगारपत्रक कधीच निघाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा दिसला आणि तो रोज वाढत गेला. तो आकडा तासाला दोन रुपयांचासुद्धा नाही, हे मीच तिला कागदावर दाखवले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, पण ते दाखवताना बरे वाटले असेही नाही. ज्यांच्या वेळेला घरात कोणी किंमत देत नाही, त्यांचाच वेळ या धंद्याला सर्वांत स्वस्तात मिळतो. निवृत्त माणसे, घर सांभाळणाऱ्या बायका, फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेममधल्या डायमंडसाठी रिडीम कोड शोधणारी आठवीतली मुले.

काहींना कार्ड मिळते, हे खरे आहे; माझ्याच माजी सहकाऱ्याला एकदा मिळाले होते. आणि गूगलचे ओपिनियन रिवॉर्ड्स सर्वेक्षणाच्या बदल्यात प्ले स्टोअरची जमा देते, ती थेट रुपयांत दाखवते, तेवढे मी मान्य करते. पण त्यावरून उलट हेच सिद्ध होते की रुपयांत दाखवता येते. ज्यांना दाखवायचे नसते, ते नाणी, हिरे आणि तारे पाडतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. चांगलेच झाले. पण तो कायदा खेळणाऱ्याने लावलेल्या पैशाकडे पाहतो, आणि वहिनीने पैसा लावलाच नव्हता. तिने दुपार लावली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविषयी (‘डार्क पॅटर्न’) मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेरा प्रकार नोंदवले. खोटी घाई करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, सतत टोचत राहणे हे सगळे त्यांत आहे. वहिनीच्या ॲपमध्ये ‘बक्षीस सोडून जाणार?’ असे रडव्या चेहऱ्याचे फळ विचारते, आणि बाहेर पडण्याचे बटण फिकट राखाडी असते. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन लावायचे ठरवले, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची तेच कळेना. ॲपमध्ये कंपनीचा पत्ता शोधूनही सापडला नाही.

आणखी एक भीती आहे, आणि तिच्यामुळे मी आज झोपायच्या ऐवजी लिहीत बसले आहे. मोबाइलवर थोडेसे काम केले की थोडेसे पैसे येतात, ही सवय एकदा अंगवळणी पडली की पुढचा माणूस टेलिग्रामवर वाटच पाहत असतो: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, शे-दीडशे रुपये घ्या. ते पैसे खरोखर खात्यात येतात. मग मोठ्या कमाईच्या टास्कसाठी आधी काही हजार भरायला सांगतात, आणि ते सोडवण्यासाठी आणखी काही हजार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली लुबाडणाऱ्या शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्या, तरी त्याच पद्धतीचे निरोप अजून येतात. वहिनीच्या फोनमध्ये असे दोन निरोप मला आजच दिसले. ते मी तिच्यादेखत ब्लॉक केले आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून आले. ॲपवाले आणि हे भामटे एकच आहेत असे मी म्हणत नाही. दोघे एकाच दुपारवर जगतात, एवढेच म्हणते.

माझी मागणी टाइम ऑफिसातल्या कारकुनाची आहे, त्यापलीकडची नाही. पहिल्याच पडद्यावर मराठीत आणि रुपयांत लिहा की सरासरी खेळणाऱ्याला तासाला किती मिळतात. टप्पा लावायचा असेल तर खुशाल लावा, पण जमलेले रद्द करू नका. कामावरून गेलेल्या माणसाचाही हिशेब पूर्ण करून द्यावा लागतो. आणि नाण्यांऐवजी यूपीआयने पैसे द्या, दहा रुपये झाले तर दहा द्या. एवढे केले आणि तरीही वहिनी खेळत राहिली, तर मी तिच्या शेजारी बसून फळे जुळवीन.

‘कोणी जबरदस्ती केली होती का’ असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. आणि या पोस्टखाली रेफरल कोड टाकणाऱ्यांनी, तुम्ही टाकणार हे मला माहीत आहे, निदान त्या कोडमागे तुम्हाला किती रुपये मिळतात ते सोबत लिहावे. नाण्यांत लिहिलेली कमेंट काढून टाकली जाईल.