कुळे जीपवाल्यांनी वसवलेलं नाही

गोव्यातल्या मराठी गटांत सध्या एक मजकूर फिरतोय : ‘कुळे हे दूधसागरच्या जीपमुळे उभं राहिलेलं गाव. तिथे गाडी आणली कोकण रेल्वेने. आता हायवे झाला, स्टेशनला कोण विचारतो? दूधसागर बघायचा तर गाडीतून उतरा आणि रुळांवरून चालत जा.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी कोकण रेल्वे. ती गोव्यातून पूर्ण धावू लागली 1998 साली. कुळेचे रूळ त्याच्या शंभरएक वर्षं आधीचे. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, लंडनच्या कंपनीने भांडवल उभं केलं आणि 1888 पर्यंत मुरगाव बंदरापासून घाट चढून सरहद्दीपलीकडच्या, आज कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकपर्यंत मीटर गेज लाइन पूर्ण झाली. आजही हा मार्ग कोकण रेल्वेकडे नाही, दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे.

मग जीप. पर्यटकांना दूधसागर धबधब्याकडे नेणाऱ्या या जीप पावसाळ्यात ओढे फुगले की बंद होतात. गाव काय चार महिने मिटून ठेवायचं? कुळे मोठं झालं ते घाटाच्या पायथ्याशी होतं म्हणून. इथून चढ इतका उभा आहे की गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आणि पुढे सरहद्द. पोर्तुगीज अमदानीत तपासणीचा नाका कुळेत आणि पलीकडचा कॅसलरॉकला. मुंबईला नोकरीला निघालेला गोंयकार सामान उघडून दाखवायचा तो इथेच.

याच स्टेशनवर सप्टेंबर 1946 मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली. जूनमध्ये मडगावला पोर्तुगीज राजवटीविरुद्ध झालेल्या सभेनंतर त्यांना गोव्याबाहेर काढलं होतं. तीन महिन्यांत परत येईन असं सांगून ते गेले होते, आणि आले. पोलिसांनी त्यांना कुळेतच उतरवून आग्वादच्या तुरुंगात नेलं. मुक्तिलढ्यातली इतकी मोठी घटना ज्या फलाटावर घडली, त्या गावाला निव्वळ जीपचा थांबा म्हणणं मला सहन होत नाही. आपल्या शाळांतल्या मुलांना मडगावचं मैदान माहीत असतं, कुळेचा फलाट नाही. 1955 मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याविरुद्ध लादलेल्या आर्थिक नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची वाहतूक थांबली, तो फटकाही या गावाने सोसला.

हायवेचं म्हणाल तर तो कुळेतून जातच नाही. फोंड्याहून येऊन तो मोलेवरून अनमोड घाट चढतो. कुळे तिथून पाचेक किलोमीटर आत. त्याची मदत होतेच, पण स्टेशनला विचारणारे कमी झालेले नाहीत. दिल्लीची गोवा एक्स्प्रेस याच मार्गाने जाते, मुरगाव बंदरात उतरलेला कोळसाही कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे इथूनच चढतो.

शेवटचं वाक्य मात्र निव्वळ चुकीचं नाही, धोक्याचं आहे. रुळांवरून चालणं हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. या पट्ट्यात बोगदे आहेत, वळणं आहेत, आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. जुलै 2023 मध्ये रेल्वे पोलिसांनी अशा पर्यटकांना तिथेच उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो मजकूर तुमच्या गटात असेल तर बाकीचं नंतर दुरुस्त करा, हे वाक्य आजच काढायला सांगा.