चेस्टरफिल्डचा वाकडा कळस : ओल्या लाकडाला उगाच बोल

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या चेस्टरफिल्डच्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा फोटो पुन्हा फिरतोय. कळस पिळलेल्या जिलबीसारखा, आणि खाली मजकूर : ‘प्लेगात सगळे जाणते सुतार मेले, उरलेल्या अडाण्यांनी ओलं लाकूड वापरलं, ते वाळताना पिळलं. आता कधीही कोसळेल!’

ओल्या लाकडापासून सुरुवात करू. त्या काळी ओक ओलाच वापरत. तो कापायला, तासायला सोपा, आणि वाळताना आकसून सांधे उलट घट्ट बसतात. ओलं लाकूड हाच गुन्हा असता तर युरोपभरचे कळस पिळले असते.

प्लेगचं म्हणणं मात्र सरसकट उडवून लावणार नाही. साथ इंग्लंडात १३४८ ला आली, कळस उभा राहिला १३६० च्या सुमारास. आतल्या सांगाड्याला तिरपे आधार अपुरे आहेत, हेही खरं. कसबी हात कमी पडले असतील. पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे. आणि ‘अडाणी’ कुणाला म्हणायचं? त्यांचं काम साडेसहाशे वर्षं उभं आहे!

मजकुरात शिशाचं नावच नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. या लाकडी सांगाड्यावर सुमारे ३३ टन शिसं आहे. दुपारी पत्र्याचं छप्पर तडतडताना आपण ऐकतोच. तिथे ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे त्या बाजूचं शिसं जास्त तापतं, जास्त फुगतं. वर एवढं ओझं, आत आधार तुटपुंजे. असं वर्षानुवर्षं चालत कळस ४५ अंश पिळला आणि मधल्या रेषेपासून साडेनऊ फूट कलला. शिवाय शिशाचे पत्रे तिरपे, माशाच्या काट्यासारखे बसवलेत. त्यामुळे आहे त्याहून जास्त पीळ दिसतो.

(गावातली जुनी कथा जास्त रंगतदार आहे : लोहाराने सैतानाच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला, आणि कळवळून झाडलेली लाथ कळसाला लागली.)

‘कधीही कोसळेल’ म्हणणाऱ्यांसाठी : डिसेंबर १९६१ मध्ये चर्चला आग लागली, १७५६ चा ऑर्गन जळून गेला. २२८ फुटी कळस वाचला. गावच्या फुटबॉल संघाला आजही ‘स्पायराइट्स’ म्हणतात, म्हणजे कळसवाले.