भोंगा मोठ्यांसाठीही हवा

मुलांच्या हातून मोबाइल काढून घेतला की अभ्यास सुधारेल, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं मला अर्धवट वाटलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं २०२२ मध्ये काय केलं ते पाहा. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून हा उपाय. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की बंदी घरातल्या सगळ्यांना होती. मालिका बघणारी आई आणि रील्स सरकवणारे बाबा पोराला 'पुस्तक काढ' म्हणाले, तर ते ऐकेल कसं?

मोबाइल निव्वळ शत्रू, हेही पटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना फोननं स्कॅन करून धडे ऐकता-पाहता येतील असे क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. फोन तोच, पण सोबत शिक्षक होता.

आमच्याकडे आता आठ ते साडेनऊ सगळ्यांचे फोन कपाटात असतात, माझाही. पहिला आठवडा भांडणातच गेला. आता लेक जेवताना शाळेतलं सांगते, यातलं कितीतरी आधी माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं.