चकली य मानू

दुकानात भावाचा फलक होता, पण त्याच्यावर आकाशकंदील टांगलेला. दोन किलो चिवडा आणि एक किलो चकली घेतली. मालक म्हणाले, "बाराशे." चकली कशी किलो, असं विचारलं तर म्हणे, "सगळं मिळून बाराशे. सांगितलं ना."

मी मुकाट्याने पैसे दिले असते, पण मागे एक काका उभे होते. खिशाला दोन पेनं.

"थांबा. या ताईंनी एकेक किलो घेतलं, त्यांचे झाले ८४०. चिवडा क्ष मानू, चकली य. कितवीत होतं हे?"

"दहावीत."

नुसत्या वजाबाकीने चिवडा ३६० निघत होता. पण काकांना क्रेमरची रीतच हवी! माझीच पुडी पालथी घालून त्यांनी तिच्यावर निश्चयक, म्हणजे किलोंच्या आकड्यांचा चौकोन, मांडला आणि तिरपे गुणाकार केले. "दोन वजा एक. किती?"

"एक."

"शाब्बास! आणि शून्य आला असता तर?"

रांग रस्त्यावर गेली होती आणि मी, दोन पोरांचा बाप, तोंडी परीक्षा देत होतो. क्रेमरने ही रीत १७५० साली जिनिव्हात छापली. तिथे मागून कोणी "आटपा हो!" म्हणत नसणार.

चकली निघाली ४८०.

"त्यात खोका धरलाय," मालक म्हणाले. "चकली मोडते ना."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिसरं चल! दोन्ही समीकरणांत एक किलो चकलीला एकच खोका, तो असा सुटा व्हायचा नाही. तुम्ही आणखी एक किलो चकली त्याच खोक्यात घ्या."

पुस्तकातली माणसं पाच पेनं आणि सात वह्या घेऊन घरी येतात आणि मग एका पेनाची किंमत काढत बसतात. शाळेत वाटायचं, येडे आहेत, दुकानदाराला विचारत का नाहीत? विचारलं असणार हो. विजेच्या बिलातसुद्धा स्थिर आकार वेगळा छापतात. तो का भरायचा हे कळत नाही, पण किती ते तरी कळतं. इथे हजाराच्या वर मोजायचे आणि वर भाव विचारला म्हणून आपणच चिकट!

रांगेच्या धाकाने मी हो म्हणालो. मालकांनी आतून दुसराच खोका काढला. "दोन किलोला मोठा लागतो. सोळाशे सत्तर."

"चौथं चल," काका म्हणाले आणि दुसरं पेन काढलं.

मी पैसे टाकले. खोक्याचं झाकण बसेना, म्हणून पोऱ्याने वरून रबर लावला. त्याचे कशात धरले, देव जाणे.