जर्मन 'मेडशन' आणि एक फिरता मेसेज

जर्मन शिकायला घेतलं की कोणीतरी हा मेसेज पाठवतंच: "जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे 'मेडशन', नपुंसकलिंगी आणि सलगम स्त्रीलिंगी! त्या समाजात बायकांची किंमत काय होती ते बघा." सलगमाची कोटी अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनची, १८८० सालची. त्याने चेष्टा केली होती. मेसेजवाले गंभीर आहेत.

"मुलीला वस्तू मानलं म्हणून नपुंसकलिंग." नाही हो. मूळ शब्द 'माग्ड', अर्थ कुमारिका, आणि तो चांगला स्त्रीलिंगी: 'दी माग्ड' (जर्मनमध्ये नामाआधी 'देअर' आलं तर पुल्लिंग, 'दी' आलं तर स्त्रीलिंग, 'दास' आलं तर नपुंसकलिंग). त्याला लहानपणा दाखवणारा '-शन' प्रत्यय लागला, 'मा'चा 'मे' झाला, मधला 'ग' जिभेला जड म्हणून गळाला. आणि '-शन' लागला की मूळ लिंग कुठलंही असो, शब्द 'दास', म्हणजे नपुंसकलिंगी होतो. ब्रोट म्हणजे पाव, त्याचा छोटा भाऊ ब्रोटशन, तोही 'दास'च. पुढे 'माग्ड'चा अर्थ घसरून शेतावरची मोलकरीण असा उरला, आणि 'मेडशन' मुलगी म्हणून एकटाच राहिला.

"पुरुषांच्या वाट्याला हे येत नाही." येतं की! 'देअर मान' म्हणजे पुरुष. त्याचं 'दास मेनशन' झालं की अर्थ होतो छोटासा माणूस, किंवा प्राण्यांमधला नर. साक्षात नर, आणि नपुंसकलिंगी.

"तिला 'ते' म्हणतात." व्याकरणाने 'एस', म्हणजे 'ते', बरोबर, पण वाक्य जरा लांबलं की जर्मन माणूस सहज 'झी', म्हणजे 'ती', वर येतो. आई, बहीण, मुलगी (लेक या अर्थी), बाई हे सगळे शब्द स्त्रीलिंगीच आहेत.

एक मुद्दा मात्र मेसेजवाल्यांना देऊन टाकतो. 'वाइब' हा बाईसाठीचा जुना शब्द कुठलाही प्रत्यय नसताना 'दास' आहे, आणि त्याच्या उगमावर अजून एकमत नाही. खरी तक्रार करायचीच तर 'फ्रॉइलाइन'बद्दल करा: लग्न न झालेली बाई साठ वर्षांची असली तरी 'छोटी बाई'च! पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने १९७२ साली सरकारी कागदांतून तो शब्द काढायला लावला. तिथे दोष लिंगाचा नव्हता, हाक मारण्याचा होता.

आपण तरी वासरू, कोकरू, लेकरू 'ते'च म्हणतो ना? मला हा मेसेज पाठवणारा मित्र गोव्याचा. त्याच्या घरी धाकट्या बहिणीबद्दल कोकणीत बोलतात ते असं: "तें आयलें, तें गेलें."